लाकडाच्या कलाने

ज्या देशाच्या मातीत ब्रायरचे झुडूप रुजत नाही, ज्याच्या थंड हवेत तंबाखूचे नावाजलेले मळे पिकत नाहीत आणि ज्याच्या कारागिरांपाशी पाइप घडविण्याची इंग्लंड-फ्रान्ससारखी पिढीजात परंपराही नव्हती, त्या डेन्मार्कने विसाव्या शतकाच्या मध्यास, दोन-तीन दशकांच्या अल्प अवधीत, पाइपचा आकार कसा असावा याविषयीची साऱ्या जगाची समजूत बदलून टाकली, ही हकीकत कलाकौशल्याच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते. डेन्मार्कच्याच हान्स वेग्नरच्या खुर्चीचे नाव सर्वतोमुखी झाले. १९६० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा दूरचित्रवाणीवरील तो प्रसिद्ध वादविवाद झाला तेव्हा केनेडी ज्या खुर्चीत बसले ती त्याचीच होती. आर्ने याकबसेनची अंडाकृती खुर्ची आणि गेओर्ग येन्सनची चांदीची भांडी संग्रहालयांतून विराजमान झाली. परंतु त्याच काळी, त्याच कोपनहेगन शहरातील लहानसहान कर्मशाळांतून, मुठीत मावणारी एक वस्तू तितक्याच बुद्धीने व तितक्याच निष्ठेने घडविली जात होती. तिची कदर करणारे मात्र, देशोदेशी विखुरलेले का असेनात, संग्राहकच काय ते राहिले.

मराठी वाचकाच्या मनात पाइप म्हटला की बहुधा जुन्या हिंदी चित्रपटातील धनिक पिता उभा राहतो: अंगात रेशमी झगा, मागे वळणदार जिना, आणि मुलीच्या प्रेमविवाहाला नकार देण्यापूर्वी पाइपचा एक दीर्घ झुरका. आपल्याकडे तंबाखूचा इतिहास काही अर्वाचीन नव्हे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती दक्षिणेत उतरली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेऊन पेश केली, म्हणजे मोगलांना तंबाखूची गोडी दख्खनने लावली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे हुक्का, गुडगुडी, चिलीम, विडी अशा आपल्या वाटांनी ती घरोघर गेली. ब्रायरचा पाइप मात्र साहेबाच्या टेबलावरच राहिला. तेव्हा ज्या वस्तूच्या संग्रहाविषयी लिहावयाचे तिची अंगोपांगे आधी सांगणे अगत्याचे आहे.

पाइपचे मुख्य भाग तीन. तंबाखू भरावयाची वाटी; त्या वाटीतून निघणारी आणि तिच्याशी एकाच लाकडातून कोरलेली दांडी; आणि दांडीत खोचलेली, दातांत धरावयाची नळी. ही नळी जुन्या पाइपांत बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराची असते. वाटी आणि दांडी ज्या लाकडाची, तेच ब्रायर. एरिका आर्बोरिआ या शास्त्रीय नावाचे हे झुडूप कॉर्सिका, सार्डिनिया, कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा भूमध्यसागराकाठच्या खडकाळ, कोरड्या प्रदेशांत वाढते. त्याच्या फांद्यांना काडीमोलही किंमत नाही, परंतु खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर, जमिनीच्या आत, दुष्काळात झाडाला तारून नेणारी एक गाठ धरलेली असते आणि सारे मोल त्या गाठीचे. ती पाइपला उपयोगी पडेल इतकी मोठी होण्यास कित्येक दशके लोटतात. ती इतकी कठीण असते की निखाऱ्याच्या सान्निध्यात सहसा जळत नाही, आणि इतकी सच्छिद्रही असते की धुरातील ओल शोषून घेते. हे दोन परस्परविरोधी गुण एकत्र नांदणारे दुसरे लाकूड अद्याप कोणास सापडलेले नाही. चेरी, बीच, ऑलिव्ह वगैरे वापरून पाहिली गेली, परंतु ती गरजेपुरतीच.

गाठ खणून काढल्यावर ती वाळू न देता ओलसर ठेवावी लागते, नाहीतर तडकते. नंतर करवतीवर तिचे ठोकळे पाडतात, ते मोठ्या हंड्यांतून तासन्‌तास उकळून त्यांतील रस व कषाय द्रव्य काढून टाकतात, आणि मग महिनोन्‌महिने, चांगल्या मालाच्या बाबतीत वर्षानुवर्षे, सावलीत सुकवितात. अर्धा कापलेला फणस डोळ्यांपुढे आणला तर गाठीच्या आतील रचना ध्यानात येईल: मधल्या गाभ्यापासून सालीकडे रेषा चहूकडे फाकलेल्या असतात. गाभा निरुपयोगी म्हणून टाकून देतात. सालीलगतच्या ठोकळ्याला प्लॅटो म्हणतात. त्याचा एक पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि त्यात रेषा एका दिशेने, सरळ व दाट येतात. अशा ठोकळ्यातून वाटी कोरली असता तिच्या अंगावरून उभ्या रेषा धावतात आणि जेथे त्या रेषा आडव्या छेदल्या जातात तेथे बारीक बारीक ठिपक्यांची दाटी दिसते. तिला पक्षिनेत्र म्हणण्याचा प्रघात आहे. एका बाजूस रेषा व दुसऱ्या बाजूस नेत्रे, हे लाकडाचे स्वाभाविक गणित. त्यात कारागिराला बदल करता येत नाही. त्याने एवढेच ठरवावयाचे असते की आपल्या आकाराची कोणती बाजू रेषांना द्यावयाची आणि कोणती नेत्रांना.

हे ठरविण्याचा प्रश्न डेन्मार्कच्या पूर्वी कोणाला पडत नसे असे नाही, पण तो गौण होता. फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सें-क्लोद या गावी एकोणिसाव्या शतकात ब्रायरचे पाइप बनू लागले, तेथून तो धंदा लंडनला पोचला आणि तेथे त्याला शिस्त आली. इंग्रजी पाइपचे आकार ठरलेले: सरळ भिंतींचा बिलियर्ड, गोल पोटाचा अ‍ॅपल, चौकोनी काटाच्या दांडीचा बुलडॉग, आणि असेच आणखी काही. ठोकळा यंत्रात धरावयाचा, तंबाखूची पोकळी कोरावयाची, त्याच यंत्रावर वाटीचे बाह्यांग उतरवावयाचे आणि मग पुढील संस्कारांसाठी दुसऱ्या हाताकडे सोपवावयाचे. आकार आधी, लाकूड नंतर. या पद्धतीने उत्तम पाइप झाले, यात संशय नाही. आल्फ्रेड डनहिलच्या पेढीचे, नळीवर पांढरा ठिपका मिरविणारे पाइप आजही प्रमाण मानले जातात. परंतु लाकडातील रेषा एखाद्या पाइपवर सुंदर उतरल्या तर तो दैवयोग, आणि म्हणून त्याची किंमत अधिक, एवढाच हिशेब होता.

डेन्मार्कमध्ये हा क्रम उलटा झाला, आणि त्याचे कारण माझ्या मते कोणत्याही कलाविषयक सिद्धान्तात नसून दुरुस्तीच्या एका टेबलात आहे.

सिक्स्टन इव्हारसन हा जन्माने स्वीडिश. १९१० साली जन्मलेला हा गृहस्थ कोपनहेगनला स्थायिक झाला होता. आपला मोडका पाइप घेऊन तो सूर या पाइपच्या दुकानी दुरुस्तीस गेला आणि दुरुस्तीचे काम आपणच अधिक बरे करू असे दिसल्यावरून तेथेच कामास राहिला, अशी आख्यायिका पाइपकारांच्या वर्तुळात सांगतात. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, इव्हारसन पाइपच्या धंद्यात शिरला तो दुरुस्तीच्या दाराने, ही गोष्ट निर्विवाद आहे. कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाचा हात साच्याला बांधला जातो. दुरुस्ती करणाऱ्याच्या पुढे मात्र दररोज वेगळी वस्तू येते: कोणाची दांडी चिरलेली, कोणाची वाटी कडेला जळालेली, कोणाची नळी दातांनी चावून चोथा झालेली, प्रत्येकीचा दोष निराळा म्हणून प्रत्येकीचा उपायही निराळा. या लाकडात आता काय शिल्लक आहे आणि त्यातून काय निष्पन्न होऊ शकेल, हा प्रश्न ज्याने वर्षानुवर्षे रोज स्वतःला विचारला, त्याच्या हाती कोरा ठोकळा आला तेव्हा त्याने तोच प्रश्न विचारला, यात नवल ते काय?

काळही त्याला अनुकूल, किंवा खरे म्हणजे अगदी प्रतिकूल होता. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला, आणि भूमध्यसागरी ब्रायरची आवक तुटली. झीलंड बेटावरील कुरिंगे नावाच्या गावी पौल नील्सन याने १९४२ च्या सुमारास देशी बीच लाकडाचे पाइप बनविण्यास प्रारंभ केला. तंबाखूही धड मिळत नव्हती तेथे पाइपच्या लाकडाविषयी कोण कुरकुर करणार! परंतु युद्ध संपले, परदेशी माल पुन्हा येऊ लागला, आणि बीचचे पाइप कोणी विचारीना. तेव्हा नील्सनने ब्रायर मिळविले, आपल्या मालाला इंग्रजी वळणाचे नाव असावे म्हणून १९४८ मध्ये स्टॅनवेल हे नाव घेतले, आणि पुढे स्वतःचे आडनावही तेच करून टाकले. मालकाने कारखान्याला आपले नाव देण्याची उदाहरणे पुष्कळ. कारखान्याचे नाव मालकाने घेतल्याचे हे विरळा. बोरुप येथे उभ्या राहिलेल्या या कारखान्यासाठी आकार योजून देण्याचे काम इव्हारसनकडे आले, आणि डॅनिश पाइपच्या इतिहासातील सर्वांत हितकारक योग जुळला: एकेक पाइप स्वतंत्रपणे घडविणाऱ्या कलावंताची दृष्टी सामान्य पगारदाराला परवडेल अशा मालात उतरली.

१९५० च्या सुमारास इव्हारसनने स्वतःची कर्मशाळा मांडली. ठोकळ्याचे बाह्यांग आधी, फिरत्या घासचक्रावर, हातानेच घडवावयाचे आणि भोके नंतर पाडावयाची, ही त्याची रीत मानली जाते. ऐकावयास ही किरकोळ गोष्ट वाटते, परंतु तिच्यामुळे सारे चित्र पालटले. यंत्रात आधी पोकळी कोरली की वाटीचा अक्ष कायमचा ठरतो आणि त्याच्याभोवती सममिती पाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आकार आधी घडविला तर मात्र कारागीर रेषांच्या मागे जाऊ शकतो. मध्येच वाळूचा खडा किंवा पोकळ खळगा लागला, आणि खडकाळ मातीत वाढलेल्या गाठीत तो हटकून लागतो, तर बेत बदलू शकतो, वाटी आखूड करू शकतो, दांडी थोडी वळवू शकतो. त्याच्या चपट्या, टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या वाटीची कल्पना अशाच स्वातंत्र्यातून आली असली पाहिजे. ब्लोफिश नावाचा फुगीर आकार तर या विचाराचे पूर्ण रूप होय: रेषा वाटीतून आडव्या, या कुशीपासून त्या कुशीपर्यंत नेलेल्या, त्यामुळे दोन्ही कुशींवर पक्षिनेत्रांची वर्तुळे आणि समोरून पाहता मधल्या पट्ट्यात रेषांचा ओघ. आकार विषम असतो, तरी तो पाहताना काही वावगे आहे असे वाटत नाही, कारण डोळा नकळत रेषांचे अनुसरण करीत राहतो. दांडीच्या जागी बांबूचा गाठाळ तुकडा बसविण्याची तऱ्हाही या डॅनिश कारागिरांनी फार नजाकतीने वापरली.

इव्हारसनचा शिष्यपरिवार मोठा नव्हता, पण त्याच्या नावांची यादी संग्राहक आपल्याकडील गायकांच्या घराण्याप्रमाणे मुखोद्गत ठेवतात. मुलगा लार्स, नात नाना, शिष्य योर्न मिके आणि येस खोनोविच. समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे स्वीडनमधील माल्मो येथला बू नूर, जो औपचारिक शिष्य नव्हता पण विचाराने त्याच कुळातला. आणि जपानहून येऊन शिकून गेलेला हिरोयुकी तोकुतोमी. सूरच्या दुकानात इव्हारसनच्या पश्चात दुरुस्तीचे काम पाहणारा पौल रास्मुसेन १९६७ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी आन युली हिने कर्मशाळा बंद न करता स्वतः हत्यारे हाती घेतली आणि पुरुषांच्या म्हणून समजल्या गेलेल्या या धंद्यात आपले स्वतंत्र स्थान निर्माण केले. तिचे पाइप स्थूल, मृदू वळणांचे आणि थोडे खट्याळ असतात. पुढे ख्याती पावलेल्या टॉम एल्टांगचे आरंभीचे शिक्षण तिच्याकडेच झाले.

कोपनहेगनच्या दुकानांचाही या कहाणीत मोठा वाटा आहे. स्ट्रॉयेट या पादचारी रस्त्यावर १८६४ पासून चालत आलेली डब्ल्यू. ओ. लार्सन ही तंबाखूची पेढी होती. तिने स्वतःच्या पदरी कारागीर ठेवले, आणि हान्स नील्सन, ज्याला सारे जग ‘फॉर्मर’ या टोपणनावाने ओळखते, तो किंवा टेडी कनुडसन यांच्यासारखे हात तेथे तयार झाले. पाइप-डॅन हे दुसरे दुकान. पाइपचा आकार ओढणाराच्या हाताला व दातांना मानवेल असा सुधारून देण्याचे त्याचे ब्रीद होते, आणि इव्हारसन, गेर्ट होल्बेक यांच्यासारख्यांनी त्यासाठी काम केले. संग्राहकाला यातून एक गोड त्रास होतो. अशा पुष्कळ पाइपांवर ठसा दुकानाचा असतो, कारागिराचा नव्हे. तेव्हा दांडीचा काट, नळीच्या टोकाची जाडी, वाटीच्या तळाचे वळण यांवरून हा हात कोणाचा हे ओळखावे लागते, आणि त्यावरून जुन्या सनदांच्या अस्सलपणावरून व्हावेत तसे वाद रंगतात.

येथपर्यंतची कथा संयमाची आहे, पुढली उधळपट्टीची. प्रेबेन होल्म हा १९४७ मध्ये जन्मलेला, असामान्य हातोटीचा आणि तितक्याच असामान्य उत्साहाचा तरुण. प्लॅटोचा खडबडीत पृष्ठभाग वाटीच्या माथ्यावर आणि दांडीच्या टोकाशी तसाच राखून, मध्ये चकचकीत रेषांचे लोट वाहवीत नेणारे त्याचे मुक्ताकार पाइप १९७० च्या दशकात अमेरिकेत अक्षरशः लाटेसारखे पसरले. न्यूयॉर्कच्या लेन कंपनीने ते बेन वेड या, मुळात इंग्लंडातील एका जुन्या कारखान्याच्या, नावाखाली विकले. एरिक नोर्डिंग आणि कार्ल एरिक ओटेनडाल यांचा मालही त्याच लाटेवर गेला. होल्म १९८९ मध्ये, ऐन उमेदीत, निवर्तला. सत्तरच्या दशकातील या साऱ्या मालाविषयी जाणकारांत दोन तट आहेत आणि मी स्वतःला नापसंती दर्शविणाऱ्या तटात गणतो: त्यांतील पुष्कळसे पाइप मला बटबटीत वाटतात, दांडीवर विनाकारण काढलेले पेच, वाटीला फोडलेले कंगोरे, जणू लाकडाने काही सांगण्यापूर्वीच कारागीर बोलून मोकळा झाला. तथापि होल्मचे उत्तम पाइप हाती आले की हा आक्षेप गळून पडतो. रेषा पायथ्याशी आवळलेल्या, माथ्याकडे सैलावत जाणाऱ्या, आणि तो खडबडीत माथा शोभेसाठी न ठेवता रेषा जेथे संपतात तेथे सालच असावयाची म्हणून ठेवलेला. बाजारात हे पाइप अद्याप त्यांच्या योग्यतेच्या मानाने स्वस्त मिळतात.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर त्याची रीत सांगतो. जुने पाइप येतात ते बहुधा मृतांच्या मालमत्तेतून. वारसांना त्यांचे काय करावे हे उमजत नाही आणि ते लिलावात किंवा जुनापुराणा माल घेणाऱ्याकडे जातात. जर्मनी आणि अमेरिका ही डॅनिश पाइपची पूर्वीपासूनची मोठी गिऱ्हाइके, आणि जपानी शौकिनांनी त्यांतले निवडक नमुने उचलले. त्यामुळे माल आजही तिकडेच अधिक निघतो. शिकागो येथे दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात जगभरचे संग्राहक आणि कारागीर जमतात. इव्हारसन पितापुत्रांचे किंवा बू नूरचे पाइप सहस्रावधी डॉलरांना जातात. ते सामान्य माणसाने पाहावेत आणि पुढे व्हावे. न वापरलेल्या पाइपला वापरलेल्यापेक्षा बरेच अधिक दाम येते, आणि ज्यांनी आयुष्यात तंबाखूला स्पर्श केला नाही असे संग्राहकही थोडे नाहीत.

पाइप हाती घेतल्यावर आधी दांडीवरील ठसा वाचावा. अक्षरांच्या कडा स्पष्ट आहेत की घासून पुसट झाल्या आहेत? पुसट असतील तर कोणीतरी विकण्याच्या घाईने पाइप चक्रावर फार वेळ धरला आणि दस्तऐवजच खरडून टाकला असे समजावे; चकाकी कितीही असो, असा पाइप मी घेत नाही. स्टॅनवेलच्या जुन्या पाइपांवर ‘रेग. नं. ९६९-४८’ असा व्यापारचिन्हाच्या नोंदणीचा क्रमांक असतो; तो साधारणतः १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला, तेव्हा तो दिसला की वयाची रुजवात झाली. आकाराचे क्रमांकही ठोकलेले असतात, परंतु त्यांवर विसंबू नये, कारण एकच क्रमांक निरनिराळ्या काळी निरनिराळ्या आकारांना दिला गेला आहे. नंतर नळी पाहावी: ती मूळची आहे की मागाहून बसविलेली? नळी आणि दांडी यांचा सांधा बोटाला जाणवू नये आणि उजेडाकडे धरला असता त्यातून फट दिसू नये. धुराचे भोक वाटीच्या तळाशी नेमके निघाले आहे की वर चढले आहे, हे एक पातळ तार घालून कळते. ते वर चढले असेल तर तळची तंबाखू ओलीच राहते. मग वाटीच्या अंगावर, तिरप्या प्रकाशात, लाकडापेक्षा किंचित निराळ्या रंगाचे ठिपके शोधावेत. कारखानदार खळगे लुकणाने बुजवून वर रंग चढवीत असत. चांगल्या कर्मशाळेतला माणूस असा दोष दडवीत नसे. तो वाळूचा मारा करून सारे अंगच खरखरीत, सुरकुतलेले करी, किंवा ठोकळा शेकोटीत टाकी. वाळूचा मारा ही युक्ती डनहिलने पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ केली होती, पण मऊ भाग झडून कठीण रेषा उठून दिसाव्यात याचा सौंदर्यासाठी उपयोग डॅनिश लोकांनी फार चांगला केला. गुळगुळीत पाइपपेक्षा खरखरीत पाइप स्वस्त असतो, आणि हाताला तो अधिक बरा लागतो, हे नवख्या संग्राहकाच्या पथ्यावरच पडते.

घरी आणलेला पाइप बहुधा कुरूप असतो. एबोनाइटची नळी उजेडाने व हवेने, आतील गंधक वर येऊन, हिरवट-तपकिरी होते आणि तिला कडवट वास येतो; ती बारीक काचकागदाने, पाणी लावून, क्रमाक्रमाने अधिकाधिक मऊ कागद घेत घासावी लागते, आणि ठशाजवळ आणि सांध्याजवळ हात आखडावा लागतो, कारण सांध्याची कड एकदा गोल झाली की ती पुन्हा सरळ होत नाही. वाटीच्या आत कोळशाचा थर साचलेला असतो. त्याचा नाण्याएवढा जाड लेप लाकडाचे आगीपासून रक्षण करतो, त्यापेक्षा अधिक झाला तर उष्णतेने फुगून वाटीच फोडतो; म्हणून तो खरवडून बेताचा ठेवावा. पूर्वीच्या मालकाच्या तंबाखूचा वास घालविण्यासाठी वाटीत कापूस किंवा मीठ भरून त्यावर शुद्ध मद्यार्क टाकून रात्रभर ठेवतात. सकाळी कापूस तपकिरी झालेला असतो. पाइप ऊन असताना मात्र नळी कधीही उपसू नये. लाकूड आणि रबर वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात आणि दांडी चिरते. हे काम करताना माणूस पाइपला जितक्या निकट जातो तितका तो पेटवून जात नसावा. कोठे कारागिराने रेषेसाठी थोडे अधिक लाकूड राखले, कोठे खळगा चुकविण्यासाठी वळण घेतले, कोठे घाई केली, हे घासताना बोटांना समजते. इव्हारसन ज्या टेबलावरून निघाला, त्याच टेबलाशी संग्राहक उलट्या वाटेने येऊन बसतो.

तंबाखूविषयी एक शब्द न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, असा समज पूर्वीच्या पिढीत होता. तो खोटा आहे. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणारालाही आहे. माझ्या परिचयाच्या संग्राहकांपैकी काही ओढतात, काही केवळ पुसून कपाटात ठेवतात, आणि कपाटात ठेवणाऱ्यांच्या पाइपची नळी काळी राहते हा त्यांचा आणखी एक लाभ.

आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले तर मी निःशंकपणे सांगेन की बोरुपच्या जुन्या स्टॅनवेलपासून, आणि शक्य झाल्यास नोंदणीक्रमांक असलेल्यापासून. कोल्डिंग येथील विगो नील्सनच्या बारी पाइपांतही पुष्कळ गुण आहेत, आणि क्रिसविलचे पाइप, त्यांच्या चपट्या, सडपातळ नळ्यांमुळे, डोळ्याला सुखावतात. परंतु स्टॅनवेलमध्ये इव्हारसनचे आकार, आणि पुढे आन युली, येस खोनोविच, टॉम एल्टांग यांनी योजलेले आकार, एकाच छत्राखाली पाहावयास मिळतात, आणि त्यांची किंमत त्याच कलावंतांच्या हातच्या पाइपच्या किमतीचा एक क्षुल्लक अंश असते. इव्हारसनच्या हातचा पाइप आणि त्याच्या आराखड्यावरून यंत्रावर कोरलेला स्टॅनवेल शेजारी ठेवले तर फरक दिसतो, हे खरे. हातच्या पाइपवर रेषा आणि आकार एकमेकांच्या शोधात निघाल्यासारखे असतात. कारखान्याच्या पाइपवर त्यांची भेट कधी होते, कधी चुकते. पण ती भेट झालेला एखादा जुना स्टॅनवेल शंभर पाइपांच्या ढिगातून ओळखून काढणे हेच तर संग्राहकाचे कसब, आणि ते विकत मिळत नाही.

बोरुपचा कारखाना २०१० च्या सुमारास बंद पडला आणि स्टॅनवेलचे उत्पादन इटलीकडे गेले. सिक्स्टन इव्हारसन २००१ मध्ये आणि लार्स २०१८ मध्ये निधन पावला. डेन्मार्कमध्ये आज हाताने पाइप घडविणारे अगदी थोडे उरले आहेत. त्यांच्या रीतीने घडविणारे तरुण मात्र जपान, रशिया, चीन, अमेरिका अशा ठिकाणी आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी कोपनहेगनच्या वाऱ्या केल्या आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की जुन्या डॅनिश मालाची आवक आता वाढणार नाही. ज्या घरांतून तो निघावयाचा ती पिढी हळूहळू संपत आली आहे. ज्याला घ्यावयाचा असेल त्याने चांगला ठसा, मूळची नळी आणि न चिरलेली दांडी, एवढ्या तिन्ही गोष्टींची खातरजमा करून, या काही वर्षांतच घ्यावा.